हाक मारणारा मोजणीत नसतो

९ मार्च

ही वही म्हणजे गेल्या वर्षीची डायरी आहे, म्हणून स्वस्तात मिळाली. तारखा चालतील, वार चुकीचे आहेत. वार कोण बघतंय.

गोव्याला निघालो होतो. जेऊरला गाडीत चढलो, तिकीट काढलं नाही, सोलापूरला भूक लागली म्हणून उतरलो. स्टेशनबाहेर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात बसलो होतो, तर बाकावरच्या माणसानं विचारलं, वॉचमनचं काम करतोस का. करतो म्हणालो. माझं असंच होतं. सुरतेला साड्यांच्या कारखान्यात असाच गेलो होतो. एका ट्रकवाल्याशी गप्पा रंगल्या म्हणून हम्पीला पोचलो होतो. बारावीचा एक पेपर राहिला तोही एका जत्रेपायी. दादा म्हणतो, ऋतुराजच्या पायाला भिंगरी आहे. आई हे पाहुण्यांना कौतुकानं सांगते.

सोसायटीचं नाव अमृतबन. तीन इमारती, रंग नवा. चेअरमन चन्नवीरअण्णा अक्कलकोटकडचे आहेत, निम्मं कानडीत बोलतात. "बा इल्ली," म्हणाले, म्हणजे इकडं ये. गाव विचारलं, आडनाव विचारलं, घरी शेती आहे का विचारलं. आहे म्हटलं. "बस्स. चांगल्या घरचा हाय पोरगा." कागद एकसुद्धा मागितला नाही.

रस्त्यापलीकडं बस्ती आहे. तिला सगळे सेटलमेंट म्हणतात. अण्णा म्हणाले, "तिकडं नजर ठेवायची." का, विचारलं. "ठेव रे." ठेवली. एक बाई मिरच्या वाळत घालत होती.

१२ मार्च

पावसाचं पाणी मुरवायला गेटाजवळ खड्डा खणतायत. आज त्यात रुळाचा तुकडा निघाला. हातभर लांब, एका टोकाला भोक, भोकात गंजलेल्या तारेची गाठ. आमच्या जेऊरच्या शाळेत असाच रूळ टांगलेला होता, शिपाई मधल्या सुट्टीचा टोल द्यायचा. मजूर भंगारात घालणार होते. मी मागून घेतला आणि गेटावरच्या लिंबाला टांगला.

पाइपचा तुकडा घेऊन एक टोला दिला. आवाज चांगला निघाला, पार बस्तीत घुमला. गंमत म्हणजे बस्तीतली माणसं घरातून बाहेर आली. बाजेवर बसलेला एक म्हातारा उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून, राष्ट्रगीताला राहतात तसा. मी हात केला. त्यानं केला नाही. बऱ्याच वेळानं बसला.

१७ मार्च

बी विंगमधल्या काकूंची सोन्याची चेन गेली. धुणीभांडी करायला बस्तीतल्या बायका येतात, तर संशय त्यांच्यावर. अण्णांनी ठरवलं की सकाळी येताना आणि सांजच्याला जाताना सगळ्यांना गेटावर रांगेत उभं करायचं. मी टोल द्यायचा, एकेकीचं नाव घ्यायचं, तिनं हजर म्हणायचं, मग पिशवी बघायची.

शाळेत मला कधी मॉनिटर केलं नव्हतं. काम सोपं आहे.

पहिलं नाव वच्छलाबाईंचं. त्या काही बोलल्याच नाहीत. मी पुन्हा हाक मारली. त्यांनी लिंबावरच्या रुळाकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "काम पाहिजे का नको, वच्छला?" मग हजर म्हणाल्या. बाकीच्याही म्हणाल्या. शेवटची रडली. हजेरीला रडण्यासारखं काय आहे.

पिशव्यांत शिळी पोळी निघाली आणि एकीच्या पिशवीत कढीपत्ता.

२१ मार्च

आवाज सुधारतोय. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, आमच्या वेळच्या हवालदारासारखा खणखणीत आहे. खरंच पोटातून येतो. आधी माझा आवाज असा नव्हता, भजनात मला मागं बसवायचे.

दुपारी सिद्धेश्वर तलावाकडं गेलो होतो. एक माणूस छत्र्या दुरुस्त करतो, उन्हाळ्यात. म्हणाला, ऊन पण लागतंच की. त्याच्याजवळ दोन तास गेले. परत यायला उशीर झाला, सांजची हजेरी जवळजवळ चुकली. कुणी सांगितलं नसताना धावत आलो. मला एवढी घाई कशाची कधी झाली होती, आठवत नाही.

२५ मार्च

वच्छलाबाईंचा भाऊ माढ्याला वारला. काल दहावा होता. त्या सकाळी रिक्षानं स्टँडकडं निघाल्या आणि थोड्या वेळानं त्याच रिक्षातून आमच्या गेटासमोर उतरल्या. रिक्षावाला चिडलेला. म्हणाला, नाल्याचा पूल ओलांडला, सरळ गेलो आणि पुढं हेच गेट आलं. दोनदा गेलो, दोनदा हेच. मग त्या चालत गेल्या. चालत परत आल्या. पोटऱ्यांवर ओरखडे, तीन ओळींत, रक्त आलेलं. नाल्याकडं वेडी बाभळ फार आहे.

मी म्हणालो, "रस्ता चुकला असेल." त्या म्हणाल्या, "जल्माला हितं आले बाबा म्या. रस्ता मला चुकत न्हाय."

रिक्षावाला नवीन असणार. नाहीतर देशी लावलेली असेल.

२६ मार्च

वच्छलाबाईंच्या पायाला सूज आहे. त्यांच्याऐवजी मुलगी आली, रेश्मा. नर्सिंग झालंय तिचं. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नोकरी लागलीय, एकवीस एप्रिलला हजर व्हायचंय, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला जागा जाणार. तोवर आईची कामं राहू नयेत म्हणून आली. हे सगळं मला तिनं पिशवी दाखवताना ऐकवलं, म्हणजे मला कळावं की मी कुणाची पिशवी बघतोय.

टोल दिला, नाव घेतलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हजर, साहेब." बाकीच्या बायकांनी तिच्याकडं वळून बघितलं. एक म्हणाली, "चेष्टेत पण म्हनायचं न्हवतं ग." रेश्मा हसली.

मला साहेब कुणी म्हटलं नव्हतं आजवर.

३० मार्च

चेन सापडली. काकूंच्याच वॉशिंग मशीनमागं होती. पाडव्यासाठी साफसफाई काढली तेव्हा निघाली. काकूंनी सगळ्या सोसायटीला श्रीखंड दिलं.

मी अण्णांना विचारलं, आता हजेरी बंद करायची का. ते ताक पीत होते, मलाही दिलं. म्हणाले, "कशाला? शिस्त लागलीय, राहू दे." मी म्हटलं बरं. खरं तर मलाही बरंच वाटलं. सकाळी उठल्यावर घशात काहीतरी थांबलेलं असतं, ते नावं घेतली की मोकळं होतं.

रेश्माला श्रीखंड दिलं नाही. ती म्हणाली, "चेन सापडली, चोर न्हाय सापडला. त्यामुळं आमी अजून हाय."

४ एप्रिल

वच्छलाबाई परत यायला लागल्यात, हाताखाली रेश्मा असते. एक गोष्ट लिहून ठेवतो, उगाच. आज नावं घेताना माझ्या तोंडून "वच्छला धोंडीराम, टकारी" असं गेलं. धोंडीराम त्यांच्या सासऱ्याचं नाव. पुढं "रेश्मा, टकारी." मग "कैकाडी", "पारधी", जिची जी असेल ती. एकही चुकली नाही. मला त्यांच्या जाती कुणी सांगितल्या? कुणीतरी बोलता बोलता सांगितल्या असतील. गेटावर बसलं की सगळं कानावर येतं.

रेश्मानं विचारलं, "तुझी काय?" मी सांगितली. तिनं विचारलं, "तुझ्या मागं कुणी लावून हाक मारली का कधी?" नाही मारली. गरजच पडली नाही, असं म्हणालो. ती म्हणाली, "तेच."

सोलापुरात ऊन बेचाळीसवर गेलंय. रूळ तापतो, पण मी हात लावला तर गार लागतो.

७ एप्रिल

काल सांजची हजेरी. नावं संपली होती. बायका पिशव्या उचलत होत्या आणि माझ्या तोंडून आणखी एक हाक गेली. "कुंडलिक बापू, टकारी."

या नावाचं मला कुणी माहीत नाही.

रस्त्यापलीकडं बाजेवरचा म्हातारा उठला. हात मांड्यांना चिकटवले. बारीक, लहान पोराच्या आवाजात म्हणाला, "हजर."

मग सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या अंगाला घाम सुटला होता, उन्हाचा असेल. मी माझ्या खोलीत जाऊन पाणी प्यालो. आरशात बघितलं, मीच होतो.

८ एप्रिल

म्हाताऱ्याकडं गेलो. म्हटलं विचारून घ्यावं. तो धोंडीराम, वच्छलाबाईंचा सासरा, रेश्माचा आजा. डोळे निळसर झालेत. म्हणाला, "ये, आवाजवाल्या." भाकरी आणि लाल चटणी दिली, चटणी इतकी तिखट की नाकातून पाणी. अर्धा वेळ चटणीबद्दलच बोललो. मग त्यानं सांगितलं.

त्यांची माणसं गावोगाव फिरून जात्या-पाट्यांना टाकी लावायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायची. चार दिवस एका गावात, मग पुढं. इंग्रजांनी कायदा केला की अशा फिरत्या जाती म्हणजे जन्माचे चोर. धरून हितं आणलं, तारेची तीन कुंपणं घातली. रुळावर टोल पडला की रांगेत यायचं आणि नाव आलं की हजर म्हणायचं. पोर जन्मलं की तेही मोजणीत. आमची सोसायटी आहे ती जागाही तारेच्या आतच होती. नाल्याचा पूल ही हद्द.

मी विचारलं, "पण चोऱ्या केल्या असतील ना कुणी?"

"केल्या असतील की. तुज्या जेऊरात कोण करत न्हाय व्हय? मग समद्या जेऊरला तार घातली का?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. मी जेऊरहून विनातिकीट आलेलो तेही आठवलं, पण ते वेगळं.

बाहेर जायचं असलं तर बदली ठेवावा लागायचा. म्हणजे तुमच्या नावानं दुसरं कुणी रांगेत उभं राहून हजर म्हणायचं. मोजणी पुरी भरली पाहिजे, माणूस कोण याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. धोंडीरामची आई वैरागला माहेरी आजारी पडली, बाप निघाला. कुंडलिक बापू हे बापाचं नाव. बदली म्हणून पोराला उभं केलं. धोंडीराम तेव्हा रांगेतल्या सगळ्यात बारक्यांतला. बाप म्हणाला, माझं नाव आलं की हजर म्हण, दोन दिसांत येतो.

"आला का?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय. म्हनत ऱ्हायलो."

पुढं कायदा गेला. मोठी माणसं आली, तार कापली, पेढे वाटले. "समद्यांना सोडलं. कुंडलिकला कुनी सोडलं न्हाय. त्याचं नाव त्या दिवशी कुनी घेतलंच न्हाय." तेव्हापासून आजतागायत म्हातारा नाल्याच्या पुलापलीकडं गेलेला नाही. धाकट्या लेकाच्या लग्नालाही नाही.

गुडघे दुखत असतील. या वयात होतं.

१३ एप्रिल

रेश्माला पुण्याला कागद दाखवायला जायचं होतं. सकाळच्या गाडीचं तिकीट होतं. सामान घेऊन निघाली. मी गेटावरून बघितलं, रिक्षा पुलावर चढली आणि थोड्या वेळानं पाठीमागच्या गल्लीतून आमच्यासमोर आली. दुसऱ्यांदा ती दुचाकीवर गेली, चुलतभावाच्या मागं बसून. भाऊ पलीकडं पोचला. त्यानं मागं वळून बघितलं तर सीट रिकामी. रेश्मा पुलाच्या अलीकडं उभी, हातावर तीन ओळी रक्ताच्या, ड्रेस फाटलेला. गाडी गेली.

तिनं दवाखान्यात फोन केला. कागद मेलवर चालतील म्हणाले, पण एकवीसला स्वतः आली नाही तर जागा धरून ठेवणार नाही.

ती गेटावर आली. मला वाटलं शिव्या देणार. ती लिंबाखाली बसली आणि हाताला स्वतःच पट्टी बांधली, एका हातानं, दात लावून. नीट बांधली. मी म्हटलं, "रूळ काढून टाकतो." आता एवढं सगळं म्हणतायत तर. ती म्हणाली, "काढ की. हाक लोखंडात नसती."

तरी काढला, पोत्यात घालून नाल्यात टाकून आलो. संध्याकाळी वेळेवर टोल ऐकू आला. रांग लागली. मी नावं घेतली. घ्यायची नाहीत असं ठरवून दात आवळले होते, तरी घेतली गेली.

सवय लागते माणसाला.

१७ एप्रिल

रेश्मा आज कामाला आली नव्हती, तरी आली. म्हणजे माझ्याशी बोलायला. सगळं तिनं सरळ सांगितलं, ते तसंच लिहितो.

मोजणी पुरी राहिली तर एक नाव बाहेर जाऊ शकतं. म्हणजे बदली पाहिजे. बस्तीतलं कुणीही तयार होईल, आई तर पहिली. पण त्यांनी बसून ठरवलंय की आपल्यातलं माणूस पुन्हा कधी उभं करायचं नाही. आज्याला केलं तेवढं बास. मग उरतो तो, जो आत आहे पण मोजणीत नाही.

"कोण?"

"हाक मारणारा मोजणीत नसतो, ऋतुराज."

मी म्हणालो, यात माझा काय संबंध, मी फक्त नावं घेतली.

"त्या येळच्या हवालदारानंबी नावंच घेतली हुती. कुंपण त्येनं घातलं न्हवतं, कायदा त्येनं केला न्हवता. नोकरी हुती त्याची."

मी रस्त्याकडं बघितलं. समोर एक गाढव नुसतंच उभं होतं. सोलापुरात गाढवं बरीच आहेत, ती कुणाची असतात कळत नाही.

ती म्हणाली, "तू गावोगाव फिरतोस. कामं धरतोस, सोडतोस. तिकीट काढत न्हाईस, तूच सांगितलंस. तुला काय म्हनतात?"

"पायाला भिंगरी."

"आमच्या पणज्याला त्याच्यासाठी तार घातली."

मी म्हटलं, मला काय करावं लागेल. रांगेत उभं राहायचं, ती टोल देणार, स्वतःचं नाव घेणार, मी हजर म्हणायचं. बस. मग ती म्हणाली, "फसवत न्हाय, आधीच सांगते. म्हनलास तर तुला हितनं जाता येनार न्हाय. आनि मी परत येनार न्हाय."

मला हसू आलं. मला कोण अडवतंय? कुठल्याच गेटावर मला आजवर कुणी थांबवलेलं नाही. मी तिला तसं म्हणालोसुद्धा. ती हसली नाही. "म्हनूनच तुला विचारतीय," म्हणाली.

उद्या विचार करतो म्हटलं. केला नाही, दुपारभर झोपलो.

१९ एप्रिल

झालं ते.

सांजची हजेरी. अण्णा लग्नाला गेले होते. रूळ लिंबाला टांगलेला होता. कुणी नाल्यातून काढून आणला माहीत नाही, भंगारवाला असेल. रेश्मानं माझ्या हातातला पाइप घेतला. मी तिच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. शेजारी वच्छलाबाई. त्या म्हणाल्या, "पोरा, बघ हं." मी म्हटलं, "मावशी, एवढं काय."

खरं कारण लिहायचं तर, तिचं पुणं राहू नये असं मला वाटत होतं. आणि हे खरं असेल असं मला वाटत नव्हतं. दोन्ही एकदम.

तिनं टोल दिला. आवाज वेगळा आला, मला आत, छातीत लागल्यासारखा. इतके दिवस मीच देत होतो, मला कधी लागला नव्हता. तिनं हाक मारली, "रेश्मा, टकारी." स्वतःचं नाव तिनं दगडासारखं उच्चारलं.

मी म्हणालो, "हजर."

रस्त्यापलीकडं धोंडीराम तोंड फिरवून बसला.

रेश्मानं पाइप खाली ठेवला, बॅग उचलली आणि चालत निघाली. रिक्षा नाही केली. बायका रांगेतच थांबून बघत होत्या. ती पुलावर चढली, छोटी झाली, उतरली, दिसेनाशी झाली. मागच्या गल्लीकडं सगळ्यांचं लक्ष. बराच वेळ तिथून कुणी आलं नाही. एक कुत्रं आलं.

वच्छलाबाई खाली बसल्या. तोंडाला पदर लावला. रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही.

२० एप्रिल

आज टोल ऐकू आला, नावं मात्र तोंडून निघाली नाहीत. घसा साधा झालाय, माझा पहिला होता तसा, फाटका. अण्णांना म्हटलं सर्दी आहे.

२५ एप्रिल

गोव्याला जावं म्हणून निघालो. सोलापुरात आता फार दिवस झाले. पूल ओलांडला, फोनमध्ये बघत चाललो होतो. मान वर केली तर अमृतबनचं गेट. फोनमध्ये बघत चाललं की असं होतं.

२६ एप्रिल

फोन खिशात ठेवून गेलो. पुलाच्या मध्यावर पायाला काहीतरी लागलं, दिसलं नाही. खाली बघितलं, पँट फाटलेली. पुढं गेलो. पुढं गेट.

जेवण कमी जातंय, चक्कर येत असेल. एक-दोन दिवसांनी बघतो.

२९ एप्रिल

आज पुलावर नाकाबंदी होती. मी पुन्हा बॅग घेऊन निघालो होतो, तर एका हवालदारानं थांबवलं. नाव विचारलं. नाव सांगताना मी अडलो. ऋतुराज म्हणायला जेवढा वेळ लागायला पाहिजे त्याहून जास्त लागला, दुसरंच काहीतरी आधी ओठावर आलं होतं. त्यानं ते बघितलं. "कुठं राहतो?" सेटलमेंटसमोर, म्हणालो. "समोर का आत?"

बॅग रस्त्यावर उलटी केली. कपडे, ही वही, हम्पीहून आणलेला एक दगड. दगड कशाला, विचारलं. आवडला म्हणून उचलला. "उचलला," असं तो दुसऱ्याला म्हणाला. सुरत, हम्पी, नांदेड, कुठंच टिकून काम नाही, का फिरतोस? याआधी हा प्रश्न मला कधी प्रश्नासारखा विचारलाच नव्हता कुणी.

पुलाअलीकडच्या चौकीत दिवसभर बसवलं. फोटो घेतले, बोटांचे ठसे घेतले. मी आडनाव सांगितलं, घरची शेती आहे म्हणालो. तो म्हणाला, "सगळे असंच सांगतात." दादाला फोन लावला, त्यानं उचलला नाही, कांद्याच्या गाडीबरोबर असेल.

संध्याकाळी सोडलं. पाय आपोआप इकडंच वळले.

१ मे

रेश्माचा फोन आला, वच्छलाबाईंच्या मोबाइलवर. एकवीसला वेळेत पोचली. लहान मुलांच्या वॉर्डात आहे. पहिल्या दिवशी पत्ता विचारला तेव्हा तिनं सेटलमेंटच सांगितलं. लिहून घेणारी बाई क्षणभर थांबली, मग लिहिलं. खोलीतल्या दुसऱ्या मुलीनं कपाटाला कुलूप लावलं, मग दोन दिवसांनी काढलं. वच्छलाबाई हे सगळं मला सांगत होत्या आणि मध्येच फोन माझ्या कानाला लावला.

ती म्हणाली, "कसा हाईस?"

मी म्हणालो, बरा आहे. मग विचारलं, पुण्यात ऊन किती आहे. ती म्हणाली, कमी आहे. तिनं "थँक्यू" म्हटलं नाही. मलाही ते नसल्यामुळं बरं वाटलं.

३ मे

अण्णांनी बोलावलं. यावेळी "बा इल्ली" नाही, नुसतं बोट केलं. पोलिसांत माझं नाव गेल्याचं त्यांच्या कानावर आलंय. म्हणाले, "गेटावर कसं ठेवू आता? लोक विचारतात." मी म्हटलं, मी काही केलेलं नाही. ते म्हणाले, "मी कुठं म्हणतो केलंस?" झाडलोटीचं काम देतो म्हणाले. खोली सोडायला सांगितली. धोंडीरामच्या बाजेशेजारी जागा आहे, तिथं पथारी टाकली. म्हातारा रात्री घोरत नाही, ऐकत पडलेला असतो.

गेटावर नवा माणूस आलाय. माझ्याच वयाचा, करमाळ्याकडचा, चांगल्या घरचा. पहिल्याच दिवशी पाइप हातात घेऊन वजन करत होता.

सकाळी टोल दिला. अण्णांनी त्याच्याकडून नावं पाठ करून घेतली होती, त्यात रेश्माचं काढायचं राहिलं होतं. वच्छलाबाईंच्या पाठोपाठ त्यानं तेच घेतलं. आवाज अजून कच्चा आहे. त्यानं मान वर करून बायकांमध्ये मुलगी शोधली. कुणी त्याला काही सांगितलं नाही. मी झाडू भिंतीला टेकवला आणि रांगेकडं गेलो. वच्छलाबाई डावीकडं सरकल्या, त्यांच्या पलीकडची सरकली, पार टोकापर्यंत सगळ्या थोड्या थोड्या सरकल्या, आणि मधे एका माणसाची जागा झाली.

"उंच हाईस," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "जरा मागं उभा ऱ्हा. आमाला पुढचं दिसत न्हाय."

मी मागं उभा राहिलो.